कण्याचा बाक, ब्रेस आणि तासांचा हिशेब



संस्थेच्या वार्षिक अहवालात जमाखर्चाचे पत्रक, विभागवार रुग्णसंख्या व देणगीदारांची नामावली यांबरोबरच एखाद्या आजारासंबंधी माहितीपर लेख देण्याची आपली प्रथा आहे. असे लेख सामान्यतः आपले मानद डॉक्टर लिहितात. यंदा हे काम मजकडे आले, त्यास एक निमित्त घडले.

अंदाजपत्रकाच्या सभेत गरजू रुग्णांच्या साहाय्य निधीचा विषय निघाला असता एका ज्येष्ठ विश्वस्तांनी विचारले, "पाठीच्या कण्याला बाक असलेल्या मुलींना आपण ब्रेस देतो, त्याचा खरोखर उपयोग होतो का? की ते घरी खुंटीला टांगलेले राहतात?" ब्रेस किती दिले, प्रत्येकी खर्च किती, त्यात रुग्णाचा वाटा किती आणि निधीचा किती, हे मी तत्काळ सांगू शकलो. मूळ प्रश्नाचे उत्तर मात्र मजजवळ नव्हते. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. वैद्यकशास्त्रात मला अधिकार नाही. म्हणून हा प्रश्न मी अस्थिरोग विभागातील डॉक्टरांकडे नेला. त्यांनी मला काही अभ्यासनिबंध वाचावयास दिले व अडले तेथे समजावून सांगितले. त्यातून जे उमगले ते आपणांसमोर ठेवीत आहे.

आजाराचे स्वरूप

पाठीचा कणा मागून पाहिल्यास सरळ दिसावयास हवा. तो एका बाजूस वळतो व त्याबरोबर मणकेही थोडे पिळले जातात, या अवस्थेस स्कोलिओसिस असे म्हणतात. पुढे वाकून पाठ गोल होते ते कुबड निराळे. वाकडेपणा क्ष-किरण चित्रावर अंशांत मोजतात. मोजण्याची ही रीत अमेरिकन शल्यचिकित्सक जॉन कॉब यांच्या नावाने ओळखली जाते. दहा अंश वा त्याहून अधिक बाक असल्यास त्यास स्कोलिओसिस समजतात.

यातील बहुसंख्य रुग्ण दहा वर्षे व त्यापुढील वयाची, एरवी पूर्णपणे निरोगी मुले असतात. बाक येण्याचे निश्चित कारण सापडत नाही. जड दप्तर, वाकडे बसणे किंवा लहानपणीचे पडणे यांमुळे हा आजार होत नाही, हे पालकांनी लक्षात घ्यावे. अनेक माता स्वतःस विनाकारण दोष देत असतात. शंभर मुलांपैकी दोन-तीन जणांत सौम्य बाक आढळतो. तो मुलगे व मुली यांच्यात फारसा फरक करीत नाही, परंतु वाढत जाणारा मोठा बाक मुलींमध्ये कित्येक पटींनी अधिक दिसतो. उंची झपाट्याने वाढण्याचा, म्हणजे पाळी सुरू होण्याच्या आगेमागेचा काळ यात विशेष जोखमीचा असतो.

दुखत नसल्यामुळे हा आजार घरात लवकर ध्यानी येत नाही. एक खांदा वर दिसतो, कंबरेची एक बाजू अधिक आत जाते, शिवलेला झंपर एका बाजूने वर चढतो. मुलीस पाय जुळवून, गुडघे न वाकविता पुढे वाकावयास सांगितले तर पाठीची एक बाजू दुसरीपेक्षा उंच दिसते. ही साधी परीक्षा इंग्लंडमधील विल्यम अॅडम्स यांनी १८६५ साली वर्णिली. तीस ना यंत्र लागते, ना खर्च.

सर्वसाधारण प्रघात असा की, २५ अंशांखालील बाकावर केवळ लक्ष ठेवावयाचे. २५ ते ४० अंशांचा बाक असून वाढ शिल्लक असेल तर ब्रेस द्यावयाचा, आणि ५० अंशांच्या आसपास पोहोचल्यास शस्त्रक्रियेचा विचार करावयाचा. पन्नास या आकड्यास कारण आहे. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात अशा रुग्णांचा कित्येक दशके पाठपुरावा झाला. त्यात दिसले की, लहान बाक वाढ संपल्यावर बहुधा थांबतो, पण पन्नास अंशांपुढील बाक प्रौढपणीही सरासरी वर्षाला एखाद्या अंशाने वाढत राहतो. त्याच अभ्यासमालेतील २००३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत एक दिलासाही आहे. उपचार न घेतलेल्या रुग्णांपैकी बहुतेकांनी पन्नास वर्षांनंतरही कामधंदा व संसार नीट सांभाळला होता. पाठदुखी व दिसण्याविषयीची खंत या त्यांच्या मुख्य तक्रारी होत्या. तेव्हा मुलीस बाक आहे असे कळताच घरात आकाश कोसळल्यासारखे वातावरण करण्याचे कारण नाही.

ब्रेस म्हणजे काय

कंबरदुखीसाठी औषधाच्या दुकानात मिळतो तो कापडी पट्टा वेगळा आणि हा ब्रेस वेगळा. तो कडक प्लॅस्टिकचा असून काखेपासून नितंबापर्यंत धड वेढतो. मुलीच्या अंगाच्या मापावर तो घडवितात व बाकाच्या फुगीर बाजूवर दाब येईल अशा गाद्या आतून बसवितात. वाढ होत असेपर्यंत बाक पुढे जाऊ न देणे हे त्याचे काम. झालेला बाक कायमचा सरळ करणे हे त्याचे काम नव्हे. हा भेद आरंभीच समजावून दिला नाही तर वर्षभराने पालक म्हणतात, "एवढे पैसे घातले, पाठ तर होती तशीच आहे." वस्तुतः होती तशीच राहिली, हेच उपचाराचे यश असते.

पाठ सरळ ठेवण्यासाठी अंगाभोवती काही बांधण्याची कल्पना जुनी आहे. सोळाव्या शतकात फ्रान्समध्ये आंब्रवाझ पारे यांनी लोखंडी कवच वापरले. १९४० च्या दशकात अमेरिकेत वॉल्टर ब्लाउंट व अल्बर्ट श्मिट यांनी हनुवटीपर्यंत येणारा, धातूच्या पट्ट्यांचा मिलवॉकी ब्रेस तयार केला. १९७० च्या दशकात बोस्टन येथे जॉन हॉल व विल्यम मिलर यांनी कपड्यांखाली झाकला जाईल असा प्लॅस्टिकचा ब्रेस प्रचारात आणला.

विश्वास होता, पुरावा अपुरा होता

मला सर्वांत आश्चर्य वाटले ते असे की, इतकी वर्षे वापरात असूनही हा उपचार निश्चितपणे गुणकारी आहे काय, याविषयी डॉक्टरांत एकमत नव्हते. आमच्या विश्वस्तांचा प्रश्न वैद्यकशास्त्रही स्वतःस विचारीत होते.

१९९५ साली स्वीडनचे आल्फ नाकेमसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २८६ मुलींचा अभ्यास प्रसिद्ध केला. ब्रेस घेतलेल्या मुलींमध्ये यश ७४ टक्के, तर केवळ निरीक्षणाखाली ठेवलेल्यांत ३४ टक्के आढळले. आकडे बोलके होते. तथापि कोणत्या मुलीस कोणता उपचार मिळावा हे चिठ्ठी टाकून ठरलेले नव्हते, ते त्या त्या केंद्राच्या पद्धतीनुसार ठरले होते. त्यामुळे दोन्ही बाजूंच्या मुली मुळातच निराळ्या असू शकतील ही शंका उरली. २००४ साली अमेरिकेतील आरोग्यविषयक शिफारशी करणाऱ्या स्वतंत्र तज्ज्ञगटाने तर लक्षणे नसलेल्या मुलांची स्कोलिओसिससाठी सरसकट तपासणी करू नये, असाच सल्ला दिला. उपचाराचा लाभ सिद्ध नसेल तर रुग्ण शोधून काढण्यात अर्थ काय, असा त्यामागील विचार होता.

चिठ्ठी टाकण्यास नकार

ही शंका दूर करण्यासाठी आयोवा विद्यापीठाचे डॉ. स्टुअर्ट वाइनस्टाइन व डॉ. लोरी डोलन यांच्या नेतृत्वाखाली अमेरिका व कॅनडातील २५ केंद्रांनी मिळून एक अभ्यास हाती घेतला. २००७ ते २०११ या काळात त्यात रुग्ण घेण्यात आले. वय १० ते १५ वर्षे, बाक २० ते ४० अंश, हाडांची वाढ शिल्लक आणि पूर्वी कोणताही उपचार झालेला नाही, अशा मुलांची निवड झाली. त्यांत बहुतांश मुली होत्या. एका गटास ब्रेस देऊन तो दिवसातून किमान १८ तास घालावा असे सांगण्यात आले, तर दुसऱ्या गटावर केवळ लक्ष ठेवण्यात आले. वाढ पूर्ण होईपर्यंत बाक ५० अंशांखाली राहिला तर यश आणि ५० अंशांस पोहोचला तर अपयश, असा निकष आधीच ठरविला होता.

कोणी कोणत्या गटात जावे हे चिठ्ठीने ठरावे, अशी मूळ योजना होती. येथे अडचण आली. आपल्या मुलीस ब्रेस मिळणार की नाही हे चिठ्ठीवर सोपविण्यास पुष्कळ आईवडील तयार होईनात. पात्र ठरलेल्या १०८६ मुलांपैकी ३८३ जणांनीच सहभागास संमती दिली, आणि त्यांतील १५५ जणांनी चिठ्ठीचा कौल मान्य केला. उरलेल्या २२८ जणांस स्वतः उपचार निवडण्याची मुभा देऊन अभ्यासात सामावून घेण्यात आले. सातासमुद्रापलीकडच्या या पालकांचे वागणे मला अगदी ओळखीचे वाटले. मुलीच्या बाबतीत कोणताही बाप चिठ्ठी टाकावयास सहजी तयार होणार नाही. म्हणूनच ज्या कुटुंबांनी ती टाकू दिली, त्यांचे इतर सर्व मुलींवर उपकार आहेत असे म्हटले पाहिजे.

निकाल

जानेवारी २०१३ मध्ये अभ्यासावर देखरेख ठेवणाऱ्या स्वतंत्र मंडळाने तो मुदतीपूर्वीच थांबविला. ब्रेसचा लाभ इतका स्पष्ट दिसला की, पुढे मुलांना केवळ निरीक्षणाखाली ठेवणे योग्य ठरले नसते. त्याच वर्षी 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

विश्लेषणात घेतलेल्या २४२ मुलांपैकी ब्रेस घेणाऱ्यांत यशाचे प्रमाण ७२ टक्के, तर निरीक्षणाखालील मुलांत ४८ टक्के होते. केवळ चिठ्ठीने गट ठरलेल्या ११६ मुलांचा विचार केला तर हेच आकडे ७५ व ४२ टक्के आले. म्हणजे तिघींना ब्रेस दिला तर त्यांतील एकीचा बाक शस्त्रक्रियेच्या उंबरठ्यावर जाण्यापासून वाचतो. औषधोपचारांच्या जगात हे प्रमाण फार चांगले मानतात, असे डॉक्टरांनी मला सांगितले.

तासांचा हिशेब

परंतु या अभ्यासातील सर्वांत मोलाचा भाग पुढेच आहे. ब्रेसमध्ये एक लहानसे तापमापक यंत्र बसविले होते. ते दर पंधरा मिनिटांनी तापमान नोंदवी. तापमान २८ अंश सेल्सिअस किंवा अधिक असेल तर ब्रेस अंगावर आहे असे धरीत. मुलगी काय सांगते, आई काय सांगते यावर विसंबावयाचे नव्हते.

या नोंदींतून असे दिसले की, जी मुले दिवसाला सरासरी शून्य ते सहा तासच ब्रेस घालीत, त्यांच्यात यश ४१ टक्के होते. म्हणजे काहीच न घालणाऱ्यांहून त्यांची स्थिती बरी नव्हती. याउलट जी सरासरी १२.९ तास वा अधिक घालीत, त्यांच्यात यश ९० ते ९३ टक्क्यांपर्यंत गेले. ब्रेस घरात असणे हा उपचार नसून तो अंगावर असणे हा उपचार आहे, असे हे आकडे सांगतात. अर्थात अधिक तास ब्रेस घालणारी कुटुंबे अन्य बाबतींतही अधिक दक्ष असू शकतात, हे ध्यानी ठेवले पाहिजे.

पुढे २०१६ साली अमेरिकेतील डॅलस येथील मुलांच्या एका धर्मादाय रुग्णालयातील डॉ. लोरी कॅरोल व सहकाऱ्यांनी आणखी एक गोष्ट दाखवून दिली. ज्या मुलांना यंत्रातील नोंदी दाखवून दर भेटीत समजावले, ती दिवसाला सरासरी १३.८ तास ब्रेस घालू लागली. ज्यांना असे समजावले नव्हते त्यांची सरासरी १०.८ तास होती. तीन तासांचा हा फरक कोणत्याही नव्या साधनाने घडविला नाही. बसून केलेल्या बोलण्याने तो घडला.

निकालाची दुसरी बाजू

पत्रकाच्या दोन्ही बाजू दाखविणे हा माझ्या व्यवसायाचा धर्म आहे. निरीक्षणाखालील मुलांपैकीही ४८ टक्के मुलांचा बाक ५० अंशांपर्यंत गेला नाही, याचा अर्थ अनेक मुली ब्रेस नसताही सुखरूप राहिल्या असत्या. त्या नेमक्या कोणत्या, हे आधी सांगणे कठीण असते. हाताच्या क्ष-किरण चित्रावरून वाढ किती उरली आहे याचा अंदाज घेऊन हा निर्णय अधिक नेमका करण्याचे प्रयत्न चालू आहेत. ब्रेस घेणाऱ्या १४६ मुलांपैकी १२ जणांस त्वचेचा त्रास झाला. एकीस चिंता व नैराश्यामुळे रुग्णालयात दाखल करावे लागले. एकूण गटांच्या जीवनमानाच्या मोजमापात लक्षणीय फरक आढळला नाही, तरी ही एक नोंद विसरता येत नाही.

२०१८ साली पूर्वोक्त अमेरिकन तज्ज्ञगटाने शालेय तपासणीविरुद्धचा आपला २००४ चा सल्ला मागे घेतला. ब्रेसमुळे बाकाची वाढ रोखली जाऊ शकते हे त्याने मान्य केले, मात्र सरसकट तपासणीच्या बाजूने वा विरुद्ध मत देण्याइतका पुरावा नाही, असे म्हटले. २०२४ साली स्वीडनमधील एका चाचणीत केवळ रात्री घालावयाच्या ब्रेसची परीक्षा झाली. त्यात रात्रीच्या ब्रेसने ७६ टक्के, तर नेहमीच्या शारीरिक हालचालींवर भर देणाऱ्या गटात ५३ टक्के यश आले. विशिष्ट व्यायाम करणाऱ्या गटाचे यश मात्र त्या हालचालींच्या गटाहून लक्षणीय वेगळे नव्हते. व्यायाम अंगास चांगलाच, परंतु वाढत्या वयातील मध्यम बाकास तो ब्रेसचा पर्याय ठरतो असे यावरून म्हणता येत नाही.

आपल्यासाठी बोध

हे सारे वाचून झाल्यावर मी आपल्या रुग्णालयाची ब्रेसची नोंदवही काढून पाहिली. तीत नाव, वय, बाकाचे अंश, किंमत, पावती क्रमांक व ब्रेस दिल्याची तारीख असे रकाने होते. तासांचा रकाना नव्हता. ती नोंदवही मीच आखून दिलेली.

त्या वेळी मला एक माता आठवली. मुलगी सातवीत होती. ब्रेस निधीतून दिला होता. चैत्रात उकाडा वाढला, अंगावर पुरळ उठले, वर्गातील मुली हसू लागल्या, म्हणून तो काढून ठेवला गेला. त्या पावसाळ्यानंतर आल्या तेव्हा बाक ब्रेसच्या आवाक्यापलीकडे गेलेला होता. "मधे विचारायला आले असते साहेब, पण एक खेप म्हणजे दोघांची मजुरी बुडते," एवढेच त्या म्हणाल्या. ब्रेस घातला असता तर बाक खात्रीने थांबला असता, असे कोणी म्हणू शकणार नाही. परंतु आम्ही ब्रेस दिला, पावती दिली आणि आमचे काम झाले असे समजलो, हे खरे. आमच्या हिशेबी ती मदत पूर्ण झालेली होती.

विश्वस्त मंडळाच्या संमतीने आता पुढील गोष्टी करण्याचे ठरले आहे. ब्रेस देताना मुलीस व आईवडिलांस एकत्र बसवून तो कशासाठी व किती तास, हे सांगितले जाईल. घरी तासांची वही ठेवावयाची आणि ठरावीक अंतराने दूरध्वनीवरून विचारपूस करावयाची, ही जबाबदारी एका समाजसेविकेकडे राहील. तापमापक यंत्राचा विचार आम्ही केला, परंतु २८ अंशांचा निकष आपल्याकडे जसाच्या तसा चालणार नाही. वैशाखात खुंटीला टांगलेला ब्रेसही तेथे 'अंगावर' म्हणून नोंदला जाईल! तूर्त वहीवर व विश्वासावर काम चालवावयाचे आहे. ब्रेसखाली घालावयाचे सुती बनियन, अंग वाढल्यावर करावयाची दुरुस्ती आणि तपासणीस येण्याचा प्रवासखर्च या बाबीही यापुढे साहाय्य निधीत धरल्या जातील. केवळ ब्रेसची किंमत देऊन मदत पुरी होत नाही, हे आम्ही उशिरा शिकलो.

देणगीदारांस विनंती अशी की, देणगी देताना 'एका ब्रेससाठी' असे न लिहिता 'एका मुलीच्या उपचारासाठी' असे लिहावे, म्हणजे निधीचा विनियोग या सर्व बाबींसाठी करता येईल. पालकांस विनंती अशी की, दहा ते चौदा वर्षांच्या आपल्या मुलीस वर्षातून दोनदा पुढे वाकावयास सांगून पाठ पाहावी, व शंका आल्यास बाह्यरुग्ण विभागात दाखवावी. ब्रेस सुरू असेल तर तो काढून ठेवण्यापूर्वी एक दूरध्वनी करावा. कोणी रागावणार नाही.

ज्या विश्वस्तांनी तो प्रश्न विचारला त्यांचा मी ऋणी आहे. त्यांना माझे उत्तर असे : ब्रेसचा उपयोग होतो, पण तो अंगावर असेल तरच, आणि तो अंगावर राहावा याची काळजी घेणे हे रुग्णालयाचेही काम आहे. पुढील वर्षीच्या अहवालात ब्रेसच्या संख्येशेजारी तासांचा रकानाही आपणांस दिसेल, अशी ग्वाही देऊन हे निवेदन पुरे करतो.

आपला स्नेहांकित,
प्रशासकीय अधिकारी